ऑनलाइन खेळांतील दुर्वर्तन : जबाबदारी कोणाची?

दिनांक २८ डिसेंबर २०१७ रोजी सायंकाळी अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील विचिटा या शहरात अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण आपल्या घराचे दार उघडून बाहेर आला. तो दोन मुलांचा बाप होता. घराबाहेर पोलिसांच्या गाड्यांचे दिवे का चमकत आहेत, हे पाहण्यासाठी तो आला होता. रस्त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या एका पोलिसाने गोळी झाडली आणि तो तरुण मरण पावला.

या मृत्यूचे मूळ एका ऑनलाइन खेळात होते. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या युद्धखेळाच्या एका सामन्यावरून दोन तरुण खेळाडूंचे भांडण झाले. सामन्यावर लावलेली पैज अवघ्या दीड डॉलरची होती. त्यांपैकी ओहायो राज्यातील खेळाडूने लॉस एंजेलिस येथील एका तिसऱ्याच इसमाला दुसऱ्या खेळाडूच्या घरी खोटी खबर देऊन पोलीस पाठविण्यास सांगितले. विचिटातील खेळाडूने मागे न हटता, ‘पाठवून तर पाहा’ अशा आविर्भावात पत्ता दिला. तो पत्ता त्याच्या जुन्या घराचा होता व तेथे तो आता राहत नव्हता. लॉस एंजेलिसच्या इसमाने विचिटाच्या पोलिसांना कळविले की, आपण वडिलांचा खून केला असून घरातील इतरांना ओलीस धरले आहे. पोलीस धावले. जो मेला त्याचा त्या सामन्याशी, त्या पैजेशी वा त्या भांडणाशी काडीचाही संबंध नव्हता.

पुढे २०१९ मध्ये खोटी खबर देणाऱ्यास वीस वर्षांची शिक्षा झाली. त्याला चिथावणाऱ्या खेळाडूस पंधरा महिन्यांचा तुरुंगवास मिळाला. गोळी झाडणाऱ्या पोलिसावर मात्र फौजदारी खटला भरला गेला नाही. न्यायालयाने आपले काम केले. तथापि एक प्रश्न उरतोच. दीड डॉलरच्या खेळातील राग एका निरपराध माणसाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचतो, तेव्हा त्याची जबाबदारी नेमकी कोणाची? रागावलेल्याची, चिथावणाऱ्याची, पाहत राहणाऱ्यांची, की असे मैदान बांधून देणाऱ्याची? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा काही प्रत्यक्ष अनुभवांच्या आधारे विचार करावयाचा आहे. विचिटाचे उदाहरण टोकाचे आहे, हे मान्य. परंतु ज्या वाटेने ते तेथवर गेले त्या वाटेची पहिली पायरी आज आपल्या घराघरांत, हेडफोन लावून बसलेल्या मुलांच्या कानावर रोज पडत आहे.

दुर्वर्तन कशाला म्हणावे?

जेथे हार-जीत आहे तेथे ईर्षा असणारच. कबड्डीच्या मैदानावर चढाईला निघालेला गडी मांडीवर थाप मारून समोरच्या संघाला आव्हान देतो. त्याला कोणी दुर्वर्तन म्हणत नाही. हरल्यावर चिडणे, रडणे, पंचाशी हुज्जत घालणे हेही खेळाचेच भाग आहेत. दुर्वर्तन याहून वेगळे आहे. सहखेळाडूला सतत शिव्या देणे, त्याच्या जातीवरून, धर्मावरून, रंगावरून किंवा स्त्री असण्यावरून त्याला हिणवणे, नवख्या खेळाडूला मिळून छळणे, आपल्याच संघाचा डाव मुद्दाम बिघडविणे, सामना अर्ध्यावर सोडून निघून जाणे, खोट्या तक्रारी करणे, एखाद्याचा पत्ता वा छायाचित्र उघड करण्याची धमकी देणे, हे सारे दुर्वर्तनात मोडते. खेळणारी मुले यालाच ‘टॉक्सिक’ म्हणतात. शब्द परका असला तरी त्याचा अर्थ त्यांना चांगला ठाऊक आहे. कारण तो त्यांनी सोसलेला असतो आणि पुष्कळदा केलेलाही असतो.

गावच्या मैदानापेक्षा ऑनलाइन मैदानावर हे अधिक का घडते? गावच्या मैदानावर ज्याला आपण शिवी देतो त्याचा चेहरा आपल्याला दिसतो. तो पडलेला, दुखावलेला दिसतो आणि आपला हात आपोआप आखडतो. सामना संपल्यावर त्याच्याच शेजारी उभे राहून एकाच माठातील पाणी प्यावे लागते, दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात बसावे लागते. ऑनलाइन सामन्यात यातले काहीच नसते. चेहरा नाही, खरे नाव नाही, उद्याची भेट नाही, आणि बहुधा पंचही नाही. ज्या चार अनोळखी माणसांवर आपली जीत अवलंबून आहे ती अर्ध्या तासाने कायमची नाहीशी होणार असतात. अशा ठिकाणी संकोच सुटतो.

मालकाची तटस्थता : १९९३ चा धडा

ही गोष्ट आजची नाही. इंटरनेट सामान्य माणसाच्या घरात येण्यापूर्वीच हा प्रश्न उभा राहिला होता. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात पावेल कर्टिस या संगणकतज्ज्ञाने १९९० च्या सुमारास ‘लॅम्बडामू’ नावाचे एक काल्पनिक घर उभारले. त्यात चित्रे नव्हती. सारे काही शब्दांनीच चाले. देशोदेशींची माणसे टोपणनावाने त्या घरात येत, टंकलेखन करून एकमेकांशी बोलत, खोल्या व वस्तू निर्माण करीत. व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींना तेथे ‘विझर्ड’, म्हणजे जादूगार म्हणत.

सदस्यांची आपापसांतील भांडणे सोडविता सोडविता हे जादूगार थकले. डिसेंबर १९९२ मध्ये कर्टिस यांनी जाहीर केले की, यापुढे जादूगार केवळ तांत्रिक काम पाहतील. सामाजिक प्रश्नांत ते निवाडा करणार नाहीत, ते सदस्यांनी आपसांत सोडवावेत. वरवर पाहता ही भूमिका उदार व लोकशाहीची वाटते.

काही महिन्यांतच तिची कसोटी लागली. एका सदस्याने एका छोट्या संगणकीय युक्तीने इतरांच्या पात्रांचा ताबा घेतला आणि भरल्या दिवाणखान्यात, सर्वांसमोर, त्या पात्रांच्या नावाने अत्यंत किळसवाणी व लैंगिक अत्याचाराची वर्णने लिहिली. ज्यांच्या पात्रांचा असा वापर झाला त्या व्यक्ती पडद्यासमोर हतबल बसून होत्या. शरीराला स्पर्श झाला नव्हता. मन मात्र खरेच जखमी झाले होते. सदस्यांची सभा भरली. पुष्कळ वेळ चर्चा झाली. शिक्षा देण्याचा अधिकार कोणाला, नियम कोणता, पुरावा कोणता, यांवर एकमत होईना. अखेर एका जादूगाराने स्वतःच्या निर्णयाने त्या सदस्याचे पात्र पुसून टाकले. पुढे तोच मनुष्य निराळ्या नावाने परत आल्याचेही लोकांच्या ध्यानात आले. या प्रसंगानंतर कर्टिस यांनी सदस्यांना अर्ज व मतदानाचा मार्ग उपलब्ध करून दिला. ज्युलियन डिबेल या पत्रकाराने त्याच वर्षी यावर लिहिलेला लेख आजही या विषयाच्या अभ्यासात आरंभी वाचला जातो.

यातील खरा धडा १९९६ मध्ये पुढे आला. जादूगारांनी तेव्हा उघडपणे कबूल केले की, तांत्रिक निर्णय आणि सामाजिक निर्णय यांच्यात रेघ ओढताच येत नाही. ज्याच्या हाती दारांच्या किल्ल्या आहेत त्याने एखादे दार उघडे ठेवले, तरी तो निर्णयच असतो आणि बंद ठेवले तरी तो निर्णयच असतो. ‘आम्ही कोणाचीच बाजू घेत नाही’ असे मालक म्हणतो, तेव्हा व्यवहारात बलवानाची बाजू आपोआप घेतली जाते. आजच्या बड्या कंपन्या ‘आम्ही केवळ खेळ पुरवितो, माणसांच्या तोंडाला आम्ही काय करणार?’ असे म्हणू लागल्या, तर हा जुना अनुभव त्यांच्यापुढे ठेवला पाहिजे.

चांगली माणसे, वाईट दिवस

दुसरा धडा ‘लीग ऑफ लेजंड्स’ या खेळाचा आहे. लॉस एंजेलिस येथील रायट गेम्स या कंपनीने २००९ मध्ये तो सुरू केला. पाच-पाच खेळाडूंचे दोन संघ, सुमारे अर्ध्या तासाचा सामना आणि प्रत्येकाचे यश उरलेल्या चार अनोळखी माणसांवर अवलंबून, अशी त्याची रचना. खेळ जगभर लोकप्रिय झाला आणि त्याबरोबर तेथील शिवीगाळही कुप्रसिद्ध झाली.

कंपनीने २०११ मध्ये ‘ट्रायब्युनल’ म्हणजे खेळाडूंचेच पंचमंडळ सुरू केले. ज्याच्याविरुद्ध तक्रारी आल्या त्याचे संभाषण इतर खेळाडूंनी वाचावे आणि ‘शिक्षा’ किंवा ‘माफी’ असे मत द्यावे, अशी ही योजना होती. तेथे दहा कोटींहून अधिक मते पडली. बहुसंख्य खेळाडूंना द्वेषाची भाषा नको आहे, हे त्यातून स्पष्ट दिसले. ही योजना २०१४ मध्ये थांबली. दरम्यान २०१२ मध्ये कंपनीने खेळाडूंच्या वर्तनाचा अभ्यास करण्यासाठी स्वतंत्र गट नेमला. मेंदूविज्ञानाचे अभ्यासक जेफ्री लिन हे त्या गटाचे प्रमुख म्हणून ओळखले जातात.

या गटाने पहिला शोध घेतला तो अपराध्यांचा. सर्वांचा समज असा होता की, मूठभर दुष्ट माणसे सारा खेळ नासवितात. त्यांना हाकलले की काम झाले. प्रत्यक्षात निराळेच आढळले. सातत्याने दुर्वर्तन करणारे खेळाडू सुमारे एक टक्का होते. परंतु एकूण दुर्वर्तनातील त्यांचा वाटा केवळ पाच टक्क्यांच्या आसपास होता. उरलेले बहुतेक दुर्वर्तन एरवी नीट वागणाऱ्या सामान्य माणसांचे होते. कोणाचा दिवस वाईट गेला होता, कोणी घरी बोलणी खाऊन आला होता, कोणाला आधीच्या सामन्यात कोणी दुखविले होते. तो राग त्याने पुढच्या सामन्यात दुसऱ्या कोणावर तरी काढला, आणि तो दुसरा मनुष्य तेच विष घेऊन तिसऱ्या सामन्यात गेला.

हा निष्कर्ष पालकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा असा आहे. ‘माझा मुलगा असा नाही’ हे आपले वाक्य बहुधा खरेच असते. पण तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. कारण या मैदानावरील बहुतेक शिव्या ‘तसे नसणाऱ्या’ मुलांच्याच तोंडून बाहेर पडतात.

याच गटाने एक साधा प्रयोग केला. दोन्ही संघांमध्ये परस्परांशी बोलण्याची जी सोय होती ती त्यांनी मुळात बंद ठेवली. ज्याला हवी त्याने एक कळ दाबून सुरू करावी, एवढाच बदल. कोणावरही बंदी आली नाही. बोलण्याचे एकूण प्रमाण जवळजवळ पूर्वीइतकेच राहिले. परंतु आठवड्याभरात वाईट बोलणे तीस टक्क्यांहून अधिक घटले आणि चांगले बोलणे सुमारे पस्तीस टक्क्यांनी वाढले. माणसे तीच, खेळ तोच, भाषा तीच. बदलली ती फक्त एक कळ.

वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही याचे नवल वाटू नये. पहाटे चाळीस मुलांना एकाच नळावर आंघोळीला उभे केले तर धक्काबुक्की होणारच. ज्याने धक्का मारला त्याला शिक्षा करणे योग्यच आहे. परंतु रोज नव्या मुलाला शिक्षा करून जो अधीक्षक दुसरा नळ बसवीत नाही किंवा पाळ्या लावून देत नाही, त्याच्याकडेही त्या भांडणाचा काही वाटा जातो. मुलाला धक्का न मारण्याचे स्वातंत्र्य होते, हे खरे. पण नळ वाढविण्याची सत्ता केवळ अधीक्षकाकडे होती, हेही तितकेच खरे.

शिक्षा, समज आणि आरसा

शिक्षेविषयीही या अनुभवातून काही शिकण्यासारखे आहे. आरंभी दोषी खेळाडूला केवळ बंदीची सूचना मिळे. कशाबद्दल, ते त्याला उमगत नसे. तो संतापून परत येई आणि पुन्हा तसाच वागे. पुढे सूचनेबरोबर त्याचेच संभाषण त्याच्यापुढे ठेवले जाऊ लागले. आपण नेमके काय बोललो, हे वाचल्यावर सुधारणाऱ्यांची संख्या वाढली. रागाच्या भरात उच्चारलेला शब्द बोलणाऱ्याच्या स्मरणात राहत नाही, ऐकणाऱ्याच्या राहतो. तो पुन्हा बोलणाऱ्याच्या समोर धरणे, हे शिक्षणाचेच काम आहे. २०१२ मध्येच सामन्यानंतर चांगल्या वर्तनाबद्दल एकमेकांचा सन्मान करण्याची सोयही तेथे सुरू झाली.

तथापि ही कहाणी इथेच संपविली तर ती कंपनीची जाहिरात ठरेल. २०१८ मध्ये याच कंपनीतील स्त्री कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या दुजाभावाच्या व अवमानकारक वागणुकीच्या तक्रारी उघड झाल्या आणि प्रकरण न्यायालयात गेले. अखेर डिसेंबर २०२१ मध्ये कंपनीने तडजोडीपोटी दहा कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. लाखो खेळाडूंच्या वाणीचे मोजमाप करणाऱ्यांनी आपल्याच कचेरीतील भाषा मोजली नव्हती. उपदेश करणाऱ्या प्रत्येक घराने, प्रत्येक शाळेने आणि प्रत्येक संस्थेने ही गोष्ट लक्षात ठेवावी. मूल आपल्या सूचना ऐकत नाही. आपण रागावल्यावर काय बोलतो, ते ऐकते.

कायदा तास मोजतो

शासनांनी या क्षेत्रात काय केले? दक्षिण कोरियाने २०११ मध्ये कायदा करून सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ खेळण्यास बंदी केली. दहा वर्षांनी तो कायदा मागे घेण्याचा निर्णय झाला. चीनने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांसाठी शुक्रवार, शनिवार, रविवार व सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच एक तास ठेवला. भारताने सप्टेंबर २०२० मध्ये ‘पबजी मोबाइल’वर बंदी घातली ती देशाच्या सुरक्षेच्या व माहितीच्या गोपनीयतेच्या कारणाने. २०२५ च्या ऑनलाइन खेळविषयक कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांना मनाई केली.

या साऱ्या उपायांचे आपापल्या जागी महत्त्व आहे. पैशाच्या खेळांनी उद्ध्वस्त झालेली घरे आपण पाहिली आहेत. परंतु नीट पाहिले तर हे उपाय वेळ मोजतात, पैसा मोजतात, देशाची सीमा पाहतात. खेळताना माणूस माणसाशी कसा बोलतो, याला ते फारसे स्पर्श करीत नाहीत. आणि येथे पालकांनीही स्वतःला तपासून पाहावे. ‘किती वेळ खेळलास?’ हा प्रश्न आपण मुलाला दिवसातून चार वेळा विचारतो. ‘कोणाशी खेळलास? तो तुझ्याशी कसा बोलला? तू त्याच्याशी कसा बोललास?’ हे प्रश्न आपण कधी विचारले आहेत काय? एक तासच खेळणारा मुलगा त्या एका तासात दुसऱ्याला आयुष्यभर सलेल असे बोलू शकतो.

आपली भाषा, आपले घाव

परदेशातील अनुभव आपल्याकडे जसाच्या तसा लागू होत नाही. वाईट शब्द गाळणारी यंत्रे बड्या कंपन्यांनी प्रथम इंग्रजीसाठी तयार केली. मराठी वा हिंदी शिवी रोमन लिपीत, अक्षरे उलटसुलट करून लिहिली की यंत्र सहज फसते. त्याहून अवघड गोष्ट ही की, आपल्या समाजातील सर्वांत खोल घाव करणारे शब्द पुष्कळदा शिव्या नसतातच. ती एखाद्या जातीची, एखाद्या वस्तीची नावे असतात. एखाद्याचे आडनाव विचारून हसणे, ‘तू सवलतीवाला’ म्हणणे, यात यंत्राला आक्षेपार्ह असे काहीच दिसत नाही. जे नाव एका मुखातून अभिमानाने येते तेच दुसऱ्या मुखातून अपमान म्हणून फेकले जाते. हा फरक यंत्राला कळत नाही. तो ऐकणाऱ्या मुलाला तत्काळ कळतो. लोकांसमोर केलेला जातिवाचक अपमान १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरतो, हे आपल्या मुलांना माहीत असावे.

मुलींची गोष्ट याहून वेगळी नाही. ध्वनिवाहक सुरू केला आणि आवाज मुलीचा आहे असे कळले की बोलण्याची भाषा बदलते. म्हणून पुष्कळ मुली मुलाचे नाव घेऊन, मुक्याने खेळतात. आपले नाव लपविल्यावाचून ज्या मैदानावर उतरता येत नाही ते मैदान सर्वांचे आहे, असे कसे म्हणावे? आपल्या आधीच्या पिढ्यांनी पाणवठ्यावर, शाळेच्या ओसरीवर, देवळाच्या पायरीवर हाच प्रश्न विचारला होता.

जबाबदारीची वाटणी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जबाबदार कोण? आपली सवय अशी की, जबाबदारी एकाच्या गळ्यात घातली की उरलेले मोकळे होतात. कंपनी खेळाडूकडे बोट दाखविते, खेळाडू कंपनीकडे, पालक मोबाइलकडे आणि शाळा पालकांकडे. परंतु जबाबदारी ही भाकरी नव्हे. ती चौघांत वाटली म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला चतकोर येत नाही. ज्याच्या हाती जेवढी सत्ता, तेवढी त्याची जबाबदारी पूर्ण असते, आणि दुसऱ्याने आपली पार पाडली नाही म्हणून आपली कमी होत नाही.

मैदान बांधणाऱ्याची सत्ता सर्वांत मोठी, म्हणून त्याची जबाबदारीही सर्वांत मोठी. बोलण्याची सोय कशी ठेवावी, तक्रार किती सोपी असावी, तिचे उत्तर मिळावे की नाही, हे तोच ठरवितो. शिवी देणाराही त्याचे गिऱ्हाईक असते आणि पैसे खर्च करणाऱ्या गिऱ्हाइकाला बाहेर काढणे जिवावर येते. पण शिवी ऐकून गुपचूप निघून गेलेली गिऱ्हाइके त्याच्या हिशेबात दिसत नाहीत. वापरकर्त्यांचे संदेश वाहून नेणाऱ्या कंपन्यांनी तक्रार निवारण अधिकारी नेमावा, असे भारताचे २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम सांगतात. या अधिकाराचा वापर आपण करावयास शिकले पाहिजे.

बोलणाऱ्याची जबाबदारी कोणीही त्याच्याकडून काढून घेऊ शकत नाही. रचना सदोष होती, दिवस वाईट होता, समोरच्याने आधी सुरुवात केली, ही सारी कारणे आहेत. ती क्षमापत्रे नव्हेत. कठोर वाणीपासून दूर राहण्याचा जो पाठ आपण लहानपणी शिकलो, तो चेहरा न दिसणाऱ्या माणसालाही लागू आहे. किंबहुना त्याची खरी परीक्षा तेथेच आहे.

तिसरा आहे पाहणारा. दहा जणांच्या सामन्यात एक शिव्या देतो, एक त्या झेलतो आणि आठ जण गप्प राहतात. त्या आठांचे मौन शिव्या देणाऱ्याला संमतीसारखे वाटते आणि झेलणाऱ्याला एकाकीपणासारखे. ‘पुरे कर, खेळाकडे लक्ष दे’ एवढे एक वाक्य, सामन्यानंतर एक तक्रार आणि दुखावलेल्याला ‘तू चांगला खेळलास’ असा एक संदेश, इतके तर कोणालाही करता येते.

चौथे आपण, म्हणजे घर आणि शाळा. मोबाइल काढून घेणे हा सोपा मार्ग आहे. पण त्यामुळे मूल एकच गोष्ट शिकते, ती म्हणजे झालेला त्रास घरी सांगायचा नाही. छळ झाला तर मोबाइल जाणार नाही, अशी हमी मुलाला आधी द्यावी. आठवड्यातून एकदा त्याच्या शेजारी बसून एक सामना पाहावा, संभाषण ऐकावे. धमकी वा अश्लील संदेश आल्यास तो पुसू नये. पडद्याचे छायाचित्र जपून ठेवावे. गंभीर प्रसंगी बालकांसाठीच्या १०९८ या क्रमांकावर अथवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी. आणि आपलेच मूल बोलणारे निघाले, तर त्याला मारण्यापूर्वी त्याचे शब्द त्याच्यासमोर मोठ्याने वाचावेत आणि त्याला विचारावे, हे तू समोरासमोर बोलला असतास काय?

विचिटाच्या त्या संध्याकाळी अनेक हात साखळीसारखे एकमेकांत अडकले होते. खेळणाऱ्या दोघांपैकी एकाने जरी ‘जाऊ दे, खेळ आहे’ असे म्हटले असते, तरी ती साखळी तेथेच तुटली असती आणि दोन मुलांचा बाप आज जिवंत असता. आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती त्या साखळीची एक तरी कडी असते. ती सोडून देणे दुसऱ्या कोणाला शक्य नसते.

चर्चेसाठी प्रश्न

१. शेवटच्या पाच सामन्यांत आपण कोणाला काय बोललो, हे आठवून लिहा. त्यातील कोणते वाक्य आईसमोर वाचता येईल?

२. आपल्या आवडत्या खेळात तक्रार कशी करतात? किती पायऱ्या आहेत? उत्तर येते काय?

३. आपण मैदान बांधणारे असतो, तर कोणती एक गोष्ट बदलली असती?

४. पालकांसाठी : मागील महिन्यात आपण मुलाला वेळेविषयी किती वेळा विचारले आणि बोलण्याविषयी किती वेळा?